शब्दचर्चा: शेरीफला 'नगरपाल' म्हणावं का?

माळरान:
आमच्या फिल्म सोसायटीत वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम मुलखातल्या गोष्टींचे सिनेमे दाखवायचे ठरलेत. 'हाय नून' (१९५२), 'शेन' (१९५३), 'द सर्चर्स' (१९५६) आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६). मराठी टिपण लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी शेरीफ, मार्शल, पॉसी, काउबॉय, ओपन रेंज या शब्दांवर अडलोय. शेरीफसाठी 'नगरपाल' चालेल का? आणि मुळात 'वेस्टर्न'ला काय म्हणायचं?

जुनी_बखर:
नगरपाल नको हो. मुंबईचा नगरपाल हे मानाचं पद. दिलीपकुमार आणि सुनील गावसकरही त्या पदावर होते, पण कुणाला बेड्या ठोकायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. अमेरिकेतला शेरीफ अख्ख्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी), बहुधा मतांवर निवडून आलेला, आणि त्याच्या कचेरीतच कोठडी. मार्शल वेगळा. एक केंद्र सरकारचा, दुसरा गावाने पगारावर ठेवलेला. मराठीत 'मार्शल' म्हटलं की विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेणारे किंवा थुंकल्याबद्दल दंड करणारे आठवतात, तरी शब्द तसाच ठेवा आणि एका वाक्यात फरक सांगा.

हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाहीये. 'हाय नून'चा सगळा जीव त्यात आहे. विल केन हा गावाचा मार्शल. नुकतंच लग्न झालंय, बिल्ला उतरवून ठेवलाय, नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार. तेवढ्यात बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येतोय. केन परत बिल्ला लावतो आणि माणसं जमवायला निघतो. न्यायाधीश आधीच बाडबिस्तरा आवरून पसार होतो. चर्चमध्ये तर गावातला मोठा माणूस त्याची तोंडभर स्तुती करतो आणि मग सांगतो की उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायच्या विचारात आहेत, रस्त्यात गोळीबार झाला तर गावाचं नाव खराब होईल, तेव्हा तू निघून जा. ज्या गावाने त्याला नेमलं तेच गाव त्याला जा म्हणतं! सिनेमा ८५ मिनिटांचा आणि गोष्टही साधारण तेवढ्याच वेळात घडते, त्यामुळे भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ आपल्यालाही टोचतं. शेवटी तो बिल्ला धुळीत फेकतो. तिथे 'नगरपाल' असता तर काय फेकला असता, शाल-श्रीफळ?

पॉसी म्हणजे शेरीफने हुकूम करून गावकऱ्यांमधून उभी केलेली तात्पुरती फौज. 'टोळी' म्हणू नका, ती दरोडेखोरांची. मी 'कुमक' म्हणेन.

पैलतीर:
'कुमक' छान. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला मात्र हा कुमक मागत फिरणारा मार्शल अजिबात रुचला नव्हता. त्याने 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला, त्यातला शेरीफ मदत देऊ करणाऱ्यालाच नको म्हणतो. मजेदार सिनेमा, पण मला केनच जवळचा. घाबरतो, तरी थांबतो.

शिलेदार_नव्हे:
काउबॉयला कृपा करून 'गुराखी' करू नका, हातात काठी घेतलेलं दहा वर्षांचं पोर डोळ्यांपुढे येतं. माझी सूचना जरा लांबची वाटेल. मराठेशाहीत घोडा स्वतःचा असेल तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरं हाकत नेणाऱ्या काउबॉयचं खोगीर बहुधा त्याचं स्वतःचं, घोडे मात्र मालकाच्या ताफ्यातले. म्हणजे तो बारगीर, पगारी माणूस! पडद्यावरच्या एकट्या घोडेस्वारांनी त्याला शिलेदार केलं. टिपणात शब्द 'काउबॉय'च ठेवा, पण ही ओळ जरूर घाला.

'शेन'साठी एक शब्द मात्र हक्काचा आहे: गायरान. ओपन रेंज म्हणजे सरकारी मोकळी जमीन, तिच्यावर बडे गुरंवाले फुकट चराई करत. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर मिळू लागली आणि कुंपणं आली. १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेला पेटंट मिळाल्यावर तर कुंपण स्वस्तच झालं. 'शेन'मधला बडा गुरंवाला रायकर म्हणतो, हा मुलूख आम्ही राखला, आता हे नांगरवाले आले. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून तो सिनेमा नुसता चांगला-वाईटाचा राहत नाही. आपल्याकडचं गायरान गावाचं आणि आकाराने किरकोळ, पण 'अतिक्रमण कुणाचं' हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

पैलतीर:
आणि दिग्दर्शक लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधल्या शेवटच्या प्रसंगाला 'द्वंद्व' लिहू नका. तिघे आहेत! स्पेनमध्ये बुर्गोसजवळ उभारलेली ती गोल दफनभूमी, भोवती हजारो थडगी. दोघांत प्रश्न फक्त वेगाचा असतो, तिघांत आधी कुणावर झाडायची हा हिशोब सुरू होतो. म्हणून लिओने नुसते डोळे, बोटं, पट्टे दाखवत राहतो, तुकडे आखूड होत जातात आणि मोरिकोनेचं संगीत चढत जातं. त्यातही एकाचं पिस्तूल रिकामं आहे, हे फक्त एकालाच ठाऊक. हे टिपणात फोडू नका! 'तिहेरी सामना' पुरे.

माळरान:
सर्वांचे आभार. सलूनसाठी 'गुत्ता' घेतोय. नाहीतर केन दाढी करायला गेला असं वाटेल. पण 'वेस्टर्न'चं राहिलं.

जुनी_बखर:
'वेस्टर्न'च. 'पाश्चात्य चित्रपट' म्हटलं की त्यात स्वीडनचा दिग्दर्शक बर्गमनही आला. 'शोले'बद्दल बोलतानाही आपण वेस्टर्नचा प्रभाव असंच म्हणतो, कुणाला अडत नाही.

'सर्चर्स'च्या टिपणात एक जपा. आपल्या जुन्या अनुवादांमधलं 'रेड इंडियन' आणू नका, सरळ जमातीचं नाव 'कोमांची' लिहा. आणि हेही लिहा की पडद्यावर ज्याला टेक्सस म्हटलंय ती अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली आहे, आणि कोमांची म्हणून दिसणारे बरेचजण तिथल्याच नवाहो जमातीचे. कोमांचींनी पळवलेल्या पुतणीला शोधत फिरणाऱ्या नायकाचा, इथनचा, कोमांचींबद्दलचा द्वेष सिनेमा झाकत नाही, जॉन वेनसारखा लाडका नट घेऊनही. या सिनेमाला 'सूडकथा' म्हणायचा मोह होईल, पण म्हणू नका. तो सूड कुणावर उगवेल याचीच भीती शेवटपर्यंत वाटत राहते, म्हणून नुसतं 'शोध' लिहा.