‘फॅक्ट-चेक’ला वर्गात काय म्हणावं? पडताळा, शहानिशा, खातरजमा की खराई?

विचारणा (दांडिया बाजार, बडोदे)

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीच्या मुलांचा रविवारचा मराठीचा वर्ग घेते. शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, अशी सगळी मुलं. यंदा भाषेच्या जोडीला बातमी कशी वाचायची आणि मोबाईलवर आलेला मजकूर तपासायचा कसा, हेही घ्यायचं ठरवलं आहे. इंग्रजीत साहित्य भरपूर आहे, पण मराठीत लिहायला बसले की पहिल्याच ओळीला अडते. ‘तथ्यपडताळणी’ वर्तमानपत्रांत रुळला खरा, पण मुलांच्या तोंडी बसत नाही. शिवाय आपल्याकडे ‘तथ्य’ म्हणजे बोलण्यातला खरेपणा: ‘त्यात काही तथ्य नाही’. सुटी सुटी ‘तथ्ये’ हिंदीतून आली. ‘वृत्तसाक्षरता’ म्हटलं तर व्याकरण शिकलेल्या मुलांना आधी भुजंगप्रयात आठवतो. रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता घेऊ?

प्रतिसाद (रावपुरा)

ताई, माझी सगळी नोकरी कोर्टाच्या कागदांत गेली, तेव्हा त्या बाजूने सांगतो. ‘शहानिशा’ आणि ‘पडताळणी’ आपण एकाच अर्थाने वापरतो, पण कामं वेगळी आहेत. शहानिशा माणसांना विचारून होते. दोन्ही बाजू ऐकायच्या, शंका फिटेपर्यंत विचारत राहायचं. पडताळायला मात्र दुसरी वस्तू लागते. सही पडताळायची तर आधीची सही समोर हवी, नक्कल पडताळायची तर अस्सल हवी. एकटा कागद कितीही वेळ न्याहाळला तरी तो पडताळला जात नाही.

म्हणून माझं मत ‘पडताळा’ला. मुलगा म्हणाला ‘मी पडताळलं’, की लगेच विचारता येतं, ‘कशाशी?’ तिथेच अर्धा धडा होतो.

प्रतिसाद (अलकापुरी)

काकांच्या ‘कशाशी?’ला जोड देते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्या तपासण्याचं काम करणारे लोक अशा ४५ जणांना त्यांनी इंटरनेटवरची पानं तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी बहुतेक त्याच पानावर थांबून बारकाईने वाचत राहिले. नाव भारदस्त, मांडणी नीट, खाली संदर्भ, एवढ्यावर पुष्कळजण फसले. तपासनीस मंडळी मात्र पान उघडल्या उघडल्या बाहेर पडली आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते दुसऱ्या खिडक्यांत बघून आली. वेळही त्यांना कमी लागला.

शाळेत आपण मुलांना ‘उतारा लक्षपूर्वक वाचा’ हेच शिकवत आलो. इथे आधी उताऱ्याबाहेर जायला शिकवायचं आहे. ‘पडताळा’ शब्दात ते बाहेर जाणं आपसूक येतं.

प्रतिसाद (मांडवी)

‘खराई’चा विचार करावा ही विनंती. पेन्शनवाले आजोबा हयातीची खराई करायला जातात, हे आपल्या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. शब्द गुजराती आहे, पण बडोद्याच्या मराठीत तो परका वाटत नाही. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश काढला, तेव्हाही एकेका इंग्रजी शासकीय शब्दासाठी मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडूनच निवड केली होती. पुण्याला चालेल का, ही काळजी या वर्गाने कशाला करावी?

मूळ विचारणा करणारी

खराई गोड आहे, बोलताना घेईनच. लिहिताना मात्र मुलांना पुढे बाहेरचं मराठी वाचायचं आहे, म्हणून ‘पडताळा’ ठेवावा असं वाटतं. आणि ‘खातरजमा’? तो तर अगदी घरगुती शब्द आहे.

प्रतिसाद (रावपुरा)

घरगुती आहे, आणि या कामाला नेमका तोच धोक्याचा आहे. फारसीतून आला. खातिर म्हणजे मन, जमा म्हणजे एकवटलेलं. मन निवांत झालं की खातरजमा झाली. पण मन कशानेही निवांत होतं. आपल्या मतासारखा मजकूर आला, आपल्याच आत्याने पाठवला, की पुरावा न बघता खातरजमा होऊन जाते. मुलांना दोन्ही शब्द जवळजवळ ठेवून शिकवा: खातरजमा माझ्या मनाची, पडताळा त्या मजकुराचा. एक झाली म्हणून दुसरा होत नाही.

प्रतिसाद (कारेलीबाग)

नाम राहू द्या, मला एका अव्ययाबद्दल बोलायचं आहे. ‘म्हणे’.

‘गावात मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणे.’ आपल्या आज्या असंच बोलायच्या. या ‘म्हणे’त सगळं येतं: मी पाहिलेलं नाही, कोणीतरी सांगितलं, जबाबदारी माझी नाही. गुजरातीत ‘कहे छे’ म्हणतात, पण वाक्याच्या शेवटी हलकेच चिकटणारं आपलं ‘म्हणे’ वेगळंच. मोबाईलवर फिरणारा मजकूर वाचा. त्यात ‘म्हणे’ कुठेच सापडत नाही. ‘टोळी आली आहे. सावध राहा. सर्वांना पाठवा.’ ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहिलेली असते.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०मध्ये, पुष्कळ वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. हे यंत्राने केलं. माणसाच्या बाजूने काय करता येईल, तर प्रत्येक वाक्यात ‘म्हणे’ परत घालून बघायचं आणि विचारायचं, ‘कोण म्हणे?’ हा सराव मुलांकडून जरूर करून घ्या. वर्तमानपत्रातली ‘असे समजते’, ‘सूत्रांनी सांगितले’, ‘असा आरोप आहे’ ही वाक्यंही याच घरातली. बातमीदार तिथे प्रामाणिकपणे ‘म्हणे’ लिहीत असतो, आपण ते गाळून वाचतो.

प्रतिसाद (रावपुरा)

फार मोलाचं सांगितलंत. कायदाही हेच म्हणतो. १८७२च्या पुरावा कायद्यापासून नियम आहे: पाहण्याजोगी गोष्ट असेल तर साक्ष पाहिलेल्यानेच द्यावी, ऐकण्याजोगी असेल तर ऐकलेल्याने. २०२४च्या जुलैपासून नवा कायदा लागू झाला, त्यातही तो आहे. ‘ऐकीव’ आणि ‘सांगोवांगी’ हेही शब्द फळ्यावर लिहा.

मूळ विचारणा करणारी

लिहून ठेवलं. आता दुसरी अडचण. खोट्या मजकुराला सरसकट ‘अफवा’ म्हणावं का? विश्वामित्रीला पूर आला की रस्त्यात आलेल्या मगरींचे व्हिडिओ फिरतात. २०१९च्या पुरातली मगर खरी होती, २०२४च्या पुरातही मगरी वस्तीत आल्या. पण २०१९चा व्हिडिओ २०२४मध्ये ‘आत्ताचा, आपल्या गल्लीतला’ म्हणून आला तर? मगर खरी, पाणी खरं, बडोदंही खरं. खोटा फक्त दिवस.

प्रतिसाद (अलकापुरी)

त्याला अफवा म्हणू नये. अफवा खरीही निघू शकते, तिचा उगम सापडत नाही एवढंच. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘तोंडं’: या तोंडातून त्या तोंडात. क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान यांनी २०१७मध्ये ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संस्थेसाठी केलेल्या अहवालात तीन प्रकार केले आहेत: नकळत पसरवलेली चूक, जाणूनबुजून पसरवलेलं खोटं आणि इजा करण्यासाठी वापरलेलं खरं. मराठीत पहिल्याला ‘चूक’, दुसऱ्याला ‘बनाव’ सहज म्हणता येतं. तिसऱ्याला एकच शब्द मला सापडत नाही, आणि घडवूही नये. कोणाचा खाजगी फोटो चव्हाट्यावर आणणं, एवढं सांगितलं की मुलांना कळतं.

मगरीच्या व्हिडिओला क्रियापद आहे: ‘खपवणे’. जुना माल नवा म्हणून खपवला. फळ्यावर ‘खपवलेला व्हिडिओ’ लिहा, आणि मग त्यातलं एक चित्र गूगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारं साधन) टाकून ते आधी कधी, कुठे दिसलं होतं ते मुलांनाच शोधू द्या.

प्रतिसाद (मांडवी)

केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८मध्ये सरकारी शाळांतून हेच शिकवलं गेलं, उपक्रमाचं नाव ‘सत्यमेव जयते’. आपल्या वर्गालाही साधंच नाव द्यावं. ‘बातमी वाचूया’ कसं वाटतं? ‘साक्षरता’ म्हटलं की समोरचा निरक्षर ठरतो, आणि ही मुलं घरी जाऊन आजी-आजोबांशी बोलणार आहेत. आजीला ‘हे खोटं आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आजी, हे कोण म्हणे?’ विचारलेलं बरं.

मूळ विचारणा करणारी

नाव घेतलं. पहिल्या रविवारी ‘म्हणे’चा सराव, मग पडताळा आणि खातरजमा, मगरी त्यानंतर. एकच राहिलं: तपासायच्या वाक्याला काय म्हणू? ‘विधान’ की ‘दावा’?

प्रतिसाद (रावपुरा)

‘दावा’ म्हणा. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो, हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.