मदत हवी आहे : जन्मसालापासून दर वर्षाचा एक आवडता रॉक अल्बम

मंडळी,

कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एक खेळ सुरू आहे. आपण जन्मलो त्या सालापासून आजपर्यंत, दर वर्षाचा एकच रॉक अल्बम निवडायचा. सर्वोत्तम नाही, आवडता. फक्त स्टुडिओ अल्बम, लाइव्ह बाद. वाटलं होतं रविवारी दुपारी बसलो की उरकेल. कसलं काय! आता घरचे विचारायला लागलेत की हा रात्री उशिरापर्यंत वहीत करतोय तरी काय.

माझा जन्म डिसेंबर 1979 चा. पहिल्याच सालाला गाडी अडली. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' 30 नोव्हेंबर 1979 चा, त्याबद्दल वाद नाही. पण माझा जीव क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'मध्ये. तो ब्रिटनमध्ये डिसेंबर 79 मध्ये आला आणि अमेरिकेत जानेवारी 80 मध्ये. रोलिंग स्टोन मासिकाने तर पुढे त्याला ऐंशीच्या दशकातला पहिल्या नंबरचा अल्बम ठरवलं. तीच पळवाट मीही काढली असती, पण 80 मध्ये एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' ठाण मांडून बसलाय. त्याला उठवायची माझी छाती नाही.

दुसरा घोळ आयर्न मेडनचा. 82 ला 'द नंबर ऑफ द बीस्ट', 83 ला 'पीस ऑफ माइंड', 84 ला 'पॉवरस्लेव्ह', 86 ला 'समव्हेअर इन टाइम', 88 ला 'सेव्हन्थ सन'. मनाला विचारलं तर पाचही साली तेच. मग ती यादी कसली, मेडनची जाहिरात झाली. 85 तेवढं बिनविरोध आहे, डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स'. त्यातही गंमत अशी की एलपीवर जागा पुरेना म्हणून काही गाणी कापली होती, कॅसेट आणि सीडीवर ती पूर्ण आहेत. 'व्हाय वरी' एलपीवर पाच मिनिटांच्या आसपास संपतं, सीडीवर साडेआठ मिनिटं चालतं. मी कॅसेटवाला, त्यामुळे माझ्यासाठी लांबच खरं.

86 मात्र शेवटी मेटालिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'ला दिलं, आणि त्याला कारण संगीताचं कमी, टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटचं जास्त. मोठ्या भावाच्या मित्राने एका बाजूवर हा अल्बम भरून दिला होता. बाजू पंचेचाळीस मिनिटांची, अल्बम पावणेपंचावन्न मिनिटांचा. त्यामुळे 'ओरायन'मधला तो संथ बेसचा भाग सुरू होतो न होतो तोच खट्! टेप थांबायची. पुढे असं काही गाणं आहे, आणि त्यानंतर 'डॅमेज इंक' नावाचं अजून एक आहे, हे मला फार उशिरा कळलं. उरलेलं 'ओरायन' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता खरी अडचण. 1992-93 पर्यंतचं मी त्या त्या वर्षी ऐकलेलं नाहीच. केबलवर एमटीव्ही दिसायला लागला तोवर घरात बाबूजी आणि किशोरकुमार. म्हणजे यादीतला हा पहिला भाग सगळा मागाहून जमवलेला. दुसऱ्या टोकाला 2010 च्या पुढे नोकरी, ईएमआय, मुलांची शाळा यात नवीन ऐकणंच सुटलं. जुन्या बँडचे नवे अल्बम ऐकतो आणि 'पहिल्यासारखं नाही राहिलं' म्हणतो. एवढंच. तेव्हा विचारायचंय ते असं :

साल धरायचं तर कुठल्या देशातलं? एका बँडला जास्तीत जास्त किती वेळा घ्यावं? आणि 1998, 2005, 2010, 2013, 2014, 2018 या सालांना काय ऐकू? मला गिटार लागते, लांब गाणी चालतात, नुसता आरडाओरडा झेपत नाही.

1991 बद्दल विचारतही नाही. 12 ऑगस्टला मेटालिकाचा काळा अल्बम (नाव 'मेटालिका'च, कव्हर काळं), 27 ला पर्ल जॅमचा 'टेन', 17 सप्टेंबरला गन्स अँड रोझेसचे 'यूज युअर इल्यूजन' दोन्ही भाग, 24 ला एकाच दिवशी निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आणि रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'. दीड महिन्यात एवढं सगळं! उरलेल्या वर्षांनी काय घोडं मारलं होतं?

प्रतिसाद

साल बँडच्या मायदेशात जे पहिल्यांदा आलं तेच. त्यामुळे 'लंडन कॉलिंग' 79, विषय संपला. 'द वॉल'ला सोडचिठ्ठी द्या, तसाही दुसऱ्या रेकॉर्डवर रेंगाळतो. रेडिओहेडच्या 'इन रेनबोज'लाही हाच नियम लावा : डाउनलोड ऑक्टोबर 2007 मध्ये आलं, सीडी वर्षाच्या टोकाला, तर साल 2007. आणि ॲपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका, पुष्कळदा ते रीमास्टरचं, म्हणजे आवाज सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असतं.

एका बँडला दोनदा, बास. मेडनमधले 'पॉवरस्लेव्ह' आणि 'सेव्हन्थ सन' ठेवा.

प्रतिसाद

2013 साठी डोळे मिटून स्टीव्हन विल्सनचा 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग' घ्या. गिटारवर गथ्री गोवन आहे. ध्वनिमुद्रणाला ॲलन पार्सन्स, म्हणजे फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ज्याने रेकॉर्ड केला तोच माणूस. तुमच्यासारख्या फ्लॉइडवाल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. 2005 ला विल्सनच्याच पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा 'डेडविंग', किंवा ओपेथचा 'घोस्ट रेव्हरीज'. ओपेथच्या गाण्यात आवाजाची थोडी गुरगुर आहे, सोसून बघा. 2014 ला वॉर ऑन ड्रग्जचा 'लॉस्ट इन द ड्रीम', रात्री हायवेवर लावायचा.

पण यादीत आपलं कोणीच नाही? 88 ला रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला होता, मुंबईचा बँड, पुढे इंडस क्रीड झाला. धोबी तलावच्या रंगभवनात ज्यांनी आय-रॉक हा रॉक महोत्सव पाहिलाय त्यांनी तरी हे विसरू नये. 2000 ला इंडियन ओशनचा 'कंदिसा' आहेच. 97 ला त्यांचा 'डेझर्ट रेन' सुचवला असता, पण तो लाइव्ह, तुमच्या नियमात बसत नाही. नियम चुकीचा आहे असं माझं मत.

प्रतिसाद

2018 : ज्यूडास प्रीस्ट, 'फायरपॉवर'. त्यांचा गायक हॅलफर्डची साठी कधीच उलटली होती, आवाज ऐका. 98 ला पर्ल जॅमचा 'यील्ड'. आणि 91 ला काळा अल्बम टाका अन् सुटा, रडू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. 'रेव्हन' काल रात्री हेडफोन लावून ऐकला. शेवटचं गाणं संपल्यावर परत पहिल्यापासून लावला, यातच काय ते आलं. 2013 पक्कं. 'फायरपॉवर'ही यादीत गेला. 'लॉस्ट इन द ड्रीम' मला अंमळ धुकट वाटला, पण हायवेवर ऐकून मग बोलतो.

रॉक मशीनचं पटलं, पण 88 ला 'सेव्हन्थ सन' काढायचा म्हणजे हात थरथरतो. मेडनचा दुसरा कोटा 83 ला वळवला तर 88 मोकळं होतं, आणि 'पॉवरस्लेव्ह'च्या जोडीला 'पीस ऑफ माइंड' मला चालतो. तसंच करतो. लाइव्हचा नियम मात्र ग्रुपचा आहे, माझा नाही, तिथे भांडून बघतो.

2010 अजून रिकामंच आहे. मेडनचा 'फायनल फ्रंटियर' कोट्यात बसत नाही. आर्केड फायरचा 'द सबर्ब्ज' कोणी नीट ऐकलाय का? गिटारवाल्याला चालेल का?