घटनेत ‘लिंग’ लिहिलंय, मग ‘लिंगओळख’ कोर्टानं कुठनं काढली?

तांबडा_रस्सा: काल पांढरा_रस्सानं टाकलंय, लिंगावरनंबी भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कलम १५ मध्ये ‘लिंग’ म्हणजे बाई नाहीतर बाप्या, बाकीचं कोर्टानं मनानं घुसडलं. भावा, तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नाल्सा निकाल वाचलास का फॉरवर्ड वाचून बोलायलास? न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी बघितलं की ही मनाई घटनेत घातली कशासाठी, तर बाईनं असंच आणि बाप्यानं तसंच वागावं ह्या ठोकताळ्यावरनं कुणाला हाकलू नये म्हणून. मग तृतीयपंथीयाला तोच ठोकताळा सगळ्यात जास्त बसतोय की!

पांढरा_रस्सा: वाचलाय. हेतू शोधायला बसलं की जजला पाहिजे तो हेतू घावतो. कायदा करायला संसद हाय.

तांबडा_रस्सा: बरं, हेतू सोड. अमेरिकेत २०२० ला बोस्टॉक खटल्यात गॉर्सचनं, ट्रंपनं नेमलेला जज बरं का, नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यातला ‘लिंग’ हा नुसता शब्द धरला. तृतीयपंथी बाईला कामावरनं काढलेलं. जन्मानं बाई असती तर बायकी कपड्यात कामाला आली म्हणून काढली असती का? न्हाई. म्हंजे लिंगावरनंच काढली. ६ विरुद्ध ३.

पांढरा_रस्सा: मग उद्या बायकांच्या राखीव जागेवर कोणबी?

गंगावेशचा_पाटील: उद्या कशाला, झालंय की. जळगावच्या भादली बुद्रुकला महिला वॉर्डातनं तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज उडवला, २०२१ च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठानं लढू दिलं. आभाळ न्हाई कोसळलं.

राजारामपुरी_वहिनी: तुमची कलमं राहू देत. माझ्या दुकानात एक तृतीयपंथी फॉल-पिकोला हाय, हात लई सफाईदार. घरमालकानं खोली नाकारली, का तर शेजारी बोलत्यात. हेच शेजारी मंगळवारी यल्लम्माला सोडलेल्या, लुगडं नेसणाऱ्या जोगत्याच्या परडीत पीठ घालून पाया पडतात! तृतीयपंथीयांच्या २०१९ च्या मूळ कायद्यात कलम ३ ला भाड्याच्या घरात भेदभाव नको म्हणून लिहिलंय, पण कलम १८ ची सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा वेगळ्याच गुन्ह्यांना, खोली नाकारली तर लागू न्हाई. मग भांडायचं कुठं?

गंगावेशचा_पाटील: कोल्हापुरातल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचला. मुंबईचा हेलपाटा वाचला.

मिरजकर: बेंच काय तुमच्या एकट्याचं हाय? सहा जिल्ह्यांचं हाय.

गंगावेशचा_पाटील: आंदोलनं आमच्या वकिलांनी केली, वर्षानुवर्षं. १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं तवा कुठं हुता?

मिरजकर: बेंचजवळच्या सीपीआर दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा शोधत हुतो. अजून शोधायलोय.

गंगावेशचा_पाटील: एसटीनं या की मग!

मिरजकर: एसटी स्टँडावरनं रिक्षावाला किती मागतोय म्हाईत हाय का? आणि मीटर टाका म्हटलं तर आमच्यावरच डोळं वटारतोय.

गंगावेशचा_पाटील: रिक्षावाल्यांवर बोलू नका, माझा भाऊ चालवतो.

तांबडा_रस्सा: विषय काय, चाललाय कुठं! रिक्षाचा धागा वेगळा काढा राव.

पांढरा_रस्सा: असू दे. शब्दावरनं जिंकला म्हणा, अमेरिकेतल्या जजसाहेबांनी माझ्या डोक्यात उजेड पाडला म्हणा, दिवा लावा. तरीपण हे संसदेनंच करायला पायजे हुतं, आणि केलं तर दातासकट करायचं.

राजारामपुरी_वहिनी: तुमची वरची खोली रिकामी हाय ना, दादा?

पांढरा_रस्सा: वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?

राजारामपुरी_वहिनी: ‘भाड्याने देणे आहे’ पाटी तुम्हीच लावलीय.

पांढरा_रस्सा: आईला विचारतो. होय म्हणालो न्हाई अजून.