नेवादो देल रुईझ : उद्रेक लहान, मग संहार एवढा मोठा कसा?

प्रश्न (सातारा) : अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे मुलांना शिकवताना कोलंबियातील या हिमाच्छादित ज्वालामुखीचा विषय निघाला. 13 नोव्हेंबर 1985 चा उद्रेक फार मोठा नव्हता, तरीही सुमारे 23,000 माणसे कशी दगावली?

उत्तर (कराड) : सर, कारण शिखरावरच्या बर्फात आहे. 5,300 मीटरहून उंच असलेल्या या पर्वतावर तप्त राख आणि वायूंचे लोट हिमनद्यांना घासत गेले, बर्फाचा काही भाग झपाट्याने वितळला आणि ते पाणी दऱ्यांतली माती व दगडगोटे ओढत, कालवलेल्या काँक्रीटसारखे दाट होत खाली उतरले. आर्मेरो हे शहर सुमारे अडीच तासांनी, रात्री साडेअकराच्या आसपास त्याखाली गाडले गेले. एवढा वेळ हाताशी असताना लोकांना हलवले गेले नाही, हे मला आजही असह्य वाटते.

उत्तर (सांगली) : 1595 आणि 1845 मध्येही असेच चिखललोट आले होते, आणि आर्मेरो त्या जुन्या गाळावरच वसले होते. धोक्याचा नकाशासुद्धा उद्रेकाआधीच तयार होता. खडकांचे म्हणाल, तर तिथे नाझ्का भूपट्ट (प्रशांत महासागराच्या तळाचा, पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) दक्षिण अमेरिकेखाली सरकतो आणि त्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण (कवचाखालचा तप्त खडकांचा थर) वितळून अखेर चिकट, वायूंनी भरलेला शिलारस तयार होतो, म्हणून स्फोट होतात. आपला बेसाल्ट, म्हणजे अजिंक्यताऱ्याचा तो काळा पाषाण, लाव्हा असताना पातळ होता; तो भेगांतून थरावर थर पसरत गेला.

प्रश्नकर्ते : आभारी आहे. चिखललोट ज्या लागुनिया नदीच्या खोऱ्यातून आर्मेरोवर आला, ते खोरे उद्या वर्गात नकाशावर दाखवीन.