दोनदा किट आलं, दोनदा कचऱ्यात गेलं: जीपीच्या दवाखान्याने फोन करावा का?

रेडिंगची_राधा
मी इंग्लंडात जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सर्जरीत (म्हणजे दवाखान्यात, कापाकापी नव्हे) समोरच्या डेस्कवर बसते. एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं तपासणी किट, म्हणजे शौचाचा नमुना पोस्टाने पाठवायची बाटली, इथे 50 ते 74 वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी घरपोच येतं. ते आम्ही पाठवत नाही, त्याचं केंद्र वेगळं. कोणी परत पाठवलं नाही एवढं आम्हाला नंतर कळतं आणि ती नोंद कॉम्प्युटरात पडून राहते.

माझं म्हणणं: त्या लोकांना दवाखान्याने फोन करावा, आणि जमेल तिथे त्यांच्या भाषेत.

माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या. दोन किटं आली, दोन्ही कचऱ्यात. मला वाटलं घाबरतात. तसं नव्हतं. “पाणी लागायच्या आत धरायचं कसं, आणि ते पोस्टात टाकायचं? पोस्टमन काय म्हणेल?” तिसऱ्या वेळी ओट्यावर बसून बाटली उघडून दाखवली. झाकणालाच काडी असते, टोकाला खाचा. काडी शौचावरून फिरवायची, खाचा भरल्या की बस्स. परत बाटलीत, झाकण घट्ट, वर तारीख. पाच मिनिटांत काम झालं. हे पत्रकात चित्रांसकट आहे, पण त्यांनी पत्रक उघडलंच नव्हतं.

खडूस_काका
आणि हे सासूबाईंना विचारून इथे लिहिलंत का? :)

माझा ठाम विरोध. किटाबरोबरच्या पत्रकातच लिहिलंय की तपासणी करायची की नाही हा निर्णय तुमचा. मग न करणं हाही निर्णयच झाला ना? त्यावर पुन्हा फोन म्हणजे तगादा. शिवाय तुमच्या भाषेतून फोन करणारी बाई कोण असणार? आमच्या मंडळातलीच कोणीतरी. शनिवारी गणपतीत प्रसाद वाढताना तिच्यासमोर उभं राहायचं आणि तिला माहीत की काकांनी शी पाठवली नाही. नको रे बाबा.

दुसरं, सकाळी आठला अपॉइंटमेंटसाठी फोन लावला की मी रांगेत तेविसावा. आधी आमचे फोन उचला, मग तुमचे करा.

रेडिंगची_राधा
आठ वाजताचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाईंना विचारलंय, “पोस्टमनचं लिही” असं त्यांनीच सांगितलं. पण निर्णय घ्यायला आधी पाकीट उघडावं लागतं, काका. न उघडता फेकलं त्याला निर्णय कसं म्हणू?

मावळती_नर्स
जीपीकडे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लिहिते. 2006 मध्ये इंग्लंडात हे सुरू झालं तेव्हा तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने पुठ्ठ्याच्या कार्डावर लावावे लागत. लोक वैतागत. 2019 पासून एकच नमुना लागतो. त्याआधीच्या प्रयोगात या एका नमुन्याच्या किटामुळे तपासणी करणारे शंभरात साधारण 59 वरून 66 वर गेले. उपदेश वाढला नव्हता, फक्त कटकट कमी झाली होती.

उलट पत्रावर तुमच्या जीपीचा पाठिंबा आहे असं छापून पाहिलं, त्याने एक टक्कासुद्धा फरक पडला नाही. म्हणजे डॉक्टरांच्या नावाची जादू आपण समजतो तेवढी नाही. फोनाला माझी हरकत नाही, पण त्याहून सोपं एक आहे. बीपी मोजायला किंवा फ्लूच्या लशीला माणूस आलेलाच असतो, स्क्रीनवर नोंद दिसतेय, टेबलावर नमुन्याची रिकामी बाटली ठेवलेली आहे. “किट आलं होतं का हो?” एवढंच विचारायचं. दहा मिनिटांच्या भेटीतलं एक मिनिट जातं.

स्लाउकर_संजू
मी पाठवलं होतं. उत्तर आलं: रक्ताचा अंश सापडला, खालून दुर्बिणीची तपासणी करू. शंभरात दोघांनाच असं बोलावतात, त्यात माझा नंबर. त्या दोघांतही बहुतेकांना कॅन्सर नसतो हे नंतर कळलं, पण तोवर मी झोप घालवून मृत्युपत्राचा मसुदा लिहून बसलो होतो. आदल्या दिवशीचं ते आतडं साफ करायचं पावडरीचं पाणी तर शत्रूलाही नको. शेवटी निघाली मूळव्याध.

विकतचं दुखणं म्हणत नाही, पुढचं किट आलं की परत पाठवीन. पण फोनवर गोड बोलून हो म्हणवून घेणाऱ्यांनी हा भागही सांगावा. आतड्याला इजा होण्याचा धोका थोडा का होईना असतो, तोही सांगावा. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मावळती_नर्स
संजू, अगदी बरोबर. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किट “ठीक” आलं म्हणून रक्त पडत असताना दोन वर्षं थांबायचं नाही. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून मोकळे होतात. तुमची निघाली, प्रत्येकाची निघेलच असं नाही. लक्षणं असतील तर किटाची वाट न बघता थेट जीपी.

खडूस_काका
बाईंचं मिनिटभराचं मला पटतंय. समोर बसलेल्या माणसाने विचारलं तर मी नाही म्हणू शकतो, आणि दार बंद असतं. फोनाला विरोध कायम. बायको शेजारीच बसलेली असते.

पुण्याहून_पमी
आमच्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. आतड्याचं असं किट कोणी घरी पाठवत नाही. तुम्हाला फुकट येतंय आणि तुम्ही मंडळातल्या प्रसादावर अडलात. चालू द्या.

रेडिंगची_राधा
काका, मग फोन करायच्या आधी मेसेज करून “फोन केला तर चालेल का” विचारायचं. मराठी नको असेल तर तसं सांगा, इंग्रजीतून कोणीतरी बोलेल.

खडूस_काका
मेसेज चालेल. मी उत्तर देणार नाही, पण चालेल.

हॅरोची_हेमा
जरा विषयांतर. आईचं किट मार्चपासून देवघराच्या खालच्या कप्प्यात पडलंय, हरवू नये म्हणून तिने तिथे ठेवलं. मुदत गेली असेल तर नवीन मिळतं का? आणि धरायला आइस्क्रीमचा रिकामा डबा चालेल का?

रेडिंगची_राधा
मिळतं. 0800 707 60 60 वर फोन करून मागवा, फुकट आहे. डबा चालेल, धुऊन कोरडा केलेला. फक्त नंतर तो परत स्वयंपाकघरात नको.