तातडीने मदत हवी: बोलायला लागलं की रिले कडकडतो (सांगली)

हळदपेठी
शनिवारी पहाटे साडेपाचला सीक्यू वर्ल्डवाइड ही हॅम रेडिओवाल्यांची (हौशी रेडिओ) बोलून संपर्क करायची स्पर्धा सुरू होतेय आणि माझा सेट ऐन वेळी रुसलाय. अशर फरहान यांच्या बिटेक्स या घरी जोडायच्या सेटच्या आराखड्यावरून स्वतः जोडलाय, ४० मीटर बँडचा. ऐकू झकास येतं. पीटीटी (बोलायचं बटण) दाबून गप्प बसलो तर काही नाही, पण 'हॅलो' म्हटलं की रिले (ऐकणं-पाठवणं बदलणारा स्विच) कडकड वाजतो, आवाज तुटतो. आउटपुटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ५१० दोनदा बदलला. लवकर सांगा.

यवतेश्वरकर
अँटेना कोणती? सप्लाय कसला? एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती परत फिरतं ते) किती? यातलं एकही लिहिलं नाहीत. आम्ही काय कुंडली मांडायची?

हळदपेठी
अहो, सप्लाय १२ व्होल्टचाच, दुसरा कसला असणार!

जुना_वायरमन
सप्लायच. बॅटरी मोटारसायकलची असेल आणि वायर स्पीकरची. बोलताना करंट वाढतो, व्होल्टेज बसतं, रिले सुटतो. माझं अगदी असंच झालेलं. जाड वायर घाला, विषय संपला.

यवतेश्वरकर
कसा संपला? आरएफ (अँटेनाची रेडिओ लहर) पीटीटीच्या वायरीत शिरलं तरी रिले असाच नाचतो.

जुना_वायरमन
आम्ही सोल्डरिंग करतोय तेव्हापासून बघतोय हो.

नवा_भिडू
हॅमच्या रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स कोड लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्द लागतात. आधी परीक्षा द्या.

हळदपेठी
परवाना आहे हो, रिस्ट्रिक्टेडचा, व्हीयू३ कॉलसाइन. विचारलं काय, सांगताय काय!

कृष्णाकाठ
भांडू नका. १ किलोओहमचे, २ वॅटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहम होतात, ही झाली डमी अँटेना. वायरवाउंड घेऊ नका, ते आतून कॉइलच असतात. अँटेना काढून तिथे हे लावा आणि बोला. तरी कडकडला तर वायरमन बरोबर. थांबला तर दोष अँटेनाकडे. आणि ५ वॅटच्या आत असाल तर क्यूआरपी (कमी ताकदीच्या) गटात उतरा, किलोवॅटवाल्यांशी तुलना कशाला?

जुना_वायरमन
२०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत मोबाईल गेले, तेव्हा मी परवाना काढायचं ठरवलं. असो. वायर बघा.

हळदपेठी
थांबला! डमीवर खणखणीत. आता सांगतो, सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही. म्हणून गॅलरीतून समोरच्या नारळापर्यंत २० मीटर तार सोडलीय. तार सेटशी जुळवणारा ४९:१ ट्रान्सफॉर्मर टेबलावरच आहे, माइकच्या शेजारी.

यवतेश्वरकर
हे पहिल्या ओळीत लिहायचं की राव! तारेच्या त्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त, आणि तेच तुम्ही तोंडाशी ठेवलंय. ट्रान्सफॉर्मर कठड्यावर न्या, त्याच्या अर्थला दोन मीटर तार लोंबती सोडा. सेटपाशी कोॲक्सचे (अँटेनाच्या केबलचे) १०-१२ वेढे फेराइटच्या कड्यावर मारा. नाहीतर सरळ साताऱ्याला आमच्या यवतेश्वरच्या पठारावर या, दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट तार, ना सोसायटी ना नारळ.

कृष्णाकाठ
पहाटे साडेपाचला, सांगलीहून?

हळदपेठी
(शनिवार) तीन संपर्क झाले! पहिल्याला 'फाइव्ह नाइन टू टू' (सिग्नल ५९, आपला झोन २२) चारदा सांगावं लागलं, बिचारा झोन परत परत विचारत होता. रिले गप्प. नारळवाले काका मात्र विचारून गेले, नवी केबल घेतली का म्हणून.

जुना_वायरमन
अभिनंदन. वायर जाड घातली ना?