दरवेळी टीबीच असतो असं नाही

"फुप्फुसात डाग आणि मेंदूत गाठ म्हणजे आपल्याकडे टीबीच" असं सर्रास म्हटलं जातं, ते बहुतेकदा खरं. पण किडनी बदललेल्या किंवा बरेच महिने स्टिरॉइड घेणाऱ्याच्या बाबतीत नोकार्डिया विसरू नका. हा मातीतला जंतू, श्वासावाटे फुप्फुसात आणि तिथून रक्तातून मेंदूत जातो. टीबीच्या रंगचाचणीत तोही थोडाफार लाल दिसू शकतो, घोळ होतो तो तिथेच.

माझ्या मावसभावाला दीड महिना टीबीच्या गोळ्या दिल्या. मेंदूतला पू काढून कल्चर केलं (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघितला) तेव्हा उलगडा झाला. लॅबला नोकार्डियाचा संशय आधीच कळवायचा, कारण तो सावकाश वाढतो, कल्चरची प्लेट २-३ आठवडे ठेवावी लागते. मग को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक वर्षभर, सुरुवातीला जोडीला इंजेक्शनं. (जंतू मातीतला, म्हणून गच्चीतल्या कुंड्या आता वहिनी बघते.)